साडेबाराचं ताट

सामना चार वाजता असला की तराजू साडेबाराला जेवायचा. अकरा वर्षं त्याने ही वेळ पाळली. बाराला नाही की पाऊणला नाही. क्लबच्या स्वयंपाकघरात मी त्याच्याही आधीपासून आहे, तेव्हा मला सांगायचा हक्क आहे. या अकरा वर्षांत तो एकही सामना खेळला नाही.

तो आमचा दुसरा गोलकीपर. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही आधी ओ की ठो कळत नव्हतं. गोलात एकच माणूस उभा राहतो. पुढचे धावणारे दमले की बदलतात, पण गोलातल्याला सहसा कुणी हात लावत नाही. त्याचा हात मोडला किंवा पंचांनी त्याला बाहेर काढलं, तरच दुसऱ्याचा नंबर. आणि आमचा पहिला, ज्याला सगळे भिंत म्हणायचे, त्या मेल्याला अकरा वर्षांत साधी सर्दीही झाली नाही.

तराजू हे नाव खेळाडूंनी पाडलं. पहिल्याच दिवशी हा गडी खिशातून तळहाताएवढा वजनकाटा काढून माझ्या ओट्यावर ठेवता झाला. शिजवलेला भात चारशे ग्रॅम. कातडी काढलेली कोंबडी सव्वाशे. उकडलेली गाजरं, पावाचे दोन तुकडे, तेल जवळजवळ नाहीच. मला राग आला. इतकी वर्षं तीस-तीस माणसांना वाढतेय आणि हा कोण टिकोजीराव माझं वाढणं मोजणार?

"माझ्या हातावर भरवसा नाही का रे?" मी विचारलं.

"तुमच्या हातावर आहे, मावशी. माझ्या तोंडावर नाही."

मी काट्याला जागा करून दिली.

बाहेर जेवणघरात तो फार दिवस बसला नाही. टेबलावरचे चिडवायचे. कुणी त्याच्या भातात एक चमचा जास्त टाकायचं, कुणी काट्यावर मिठाची बाटली ठेवून "कीपरसाहेब, हिचं वजन वाढलंय" म्हणायचं. तो हसायचा, पण एक दिवस ताट घेऊन आत आला आणि मागच्या दाराजवळच्या स्टुलावर बसला. तिथेच मग त्याची जागा झाली. पाठ माझ्याकडे, तोंड दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपाकडे. बोलणं बेताचं. मी भांडी घासायची, तो चावायचा. एक घास किती वेळ चावतो ते पाहून मला कधी कधी ओरडावंसं वाटायचं.

एकदा मी म्हटलंच, "तुला कुठे आज खेळायचंय? जरा चवीने खा की."

"बोलावलं तर?" तो म्हणाला.

बाकीच्यांचं काय सांगू! पुढच्या फळीतला एक जण भाताला शिवायचा नाही. भाताने पोट सुटतं म्हणे, आणि वरून गोड पाण्याच्या दोन-दोन बाटल्या रिचवायचा. कप्तान कच्ची अंडी पेल्यात फोडून प्यायचा आणि मग तासभर कुणाशी बोलायच्या लायकीचा नसायचा. एक जण प्लास्टिकचं जाकीट घालून धावायचा, घाम गेला की चरबी गेली अशी त्याची समजूत. पावडरच्या डब्यांवर तर सगळ्यांची श्रद्धा. डब्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र आहे, म्हणजे खरंच असणार. जेवणघराच्या भिंतीवर आहाराचा मोठा तक्ता सात वर्षं टांगलेला होता. त्याच्या खिळ्याला हे ओले टॉवेल अडकवायचे.

मी तराजूला म्हणायची, "अरे, तुला एवढं कळतं तर त्यांना सांग ना."

"सांगितलं, मावशी. पालथ्या घड्यावर पाणी."

त्याला हे सगळं कुठून कळलं, ते त्याने मला पाचव्या वर्षी सांगितलं. तेही मी कांदे चिरत होते आणि त्याच्याकडे बघत नव्हते म्हणून. तेवीस वर्षांचा असताना तो दुसऱ्या एका क्लबात होता. तिथला पहिला कीपर जायबंदी झाला आणि याला गोलात उभं केलं. कुणीतरी कानात सांगितलं, कीपर हलका हवा. याने चार दिवस भात आणि पाव सोडला. अंडी आणि उकडलेली कोंबडी, बस. सामन्याच्या सकाळी नुसती काळी कॉफी प्यायला. ऊन होतं. सत्तराव्या मिनिटाला उडी मारली आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. रेषेवर आडवा पडला. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन आला, याच्याकडे बघितलं आणि चेंडू हळूच बाजूने आत सारला.

"हळूच का?" मी विचारलं.

"मला लागू नये म्हणून," तो म्हणाला. "जोरात मारला असता तर बरं झालं असतं."

त्यानंतर त्या क्लबाने त्याला उभं केलं नाही. मग तो पुस्तकं घेऊन बसला, वजनकाटा घेतला आणि आमच्याकडे आला. पुन्हा कुणी बोलावलं तर निदान पोट दगा देणार नाही, एवढंच त्याने आयुष्यात धरून ठेवलं होतं. मला हे तेव्हा वेडेपणाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

त्या वेडापायी त्याची माणसं एकेक करून सुटली. गावात थोरली बहीण होती. रविवारी तिच्याकडे जायचा, तर सोबत स्वतःचा डबा. पहिल्यांदा ती हसली, मग रुसली, मग एक दिवस मेहुण्यासमोर म्हणाली, "माझ्या हाताला काय विष आहे का रे?" याने समजावून सांगायला सुरुवात केली की तुझ्या रश्श्यात तेल किती असतं. आता बहिणीला असं कुणी सांगतं का? ती आत निघून गेली. पुढच्या रविवारी फोन आला नाही, आणि हाही आपणहून गेला नाही. लग्नाचंही एकदा जमत आलं होतं. मुलीकडच्यांनी जेवायला बोलावलं. पुढचं मी विचारलंच नाही, अंदाज आला.

राहायला कपडे धुण्याच्या दुकानावरची एक खोली होती. मी एकदाच गेले, तो तापाने पडला होता तेव्हा. एक खाट, एक शेगडी, एक ताट, एक वाटी, एक पेला. दुसरा पेला नव्हता. मी पाणी त्याच्याच पेल्यातून प्यायले, आणि तो संकोचून म्हणाला, "आणायचा राहिलाय, मावशी." नऊ वर्षं राहिला होता तो तिथे.

गेल्या मोसमात क्लबाने आहारतज्ज्ञ बाईंना आणलं. चुणचुणीत बाई. इतरांसारखं उंटावरून शेळ्या हाकणं नव्हतं. आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात, झाकणं उघडून बघितली. मग सगळ्यांची परीक्षा घेतली. चाळीस प्रश्न. सामन्याआधी किती तास खावं, भाताचं काम काय, मांसाचं काम काय, तहान लागेपर्यंत थांबावं का, सामन्याच्या आदल्या दिवशी नवीन पदार्थ खावा का. मलाही कागद दिला. मला सव्वीस मिळाले. कप्तानाला चौदा. हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

तराजूला एकोणचाळीस.

मॅडमनी यादी दारावर लावली. त्याचं नाव सगळ्यात वर होतं. कुठल्याही यादीत वर यायची त्याची पहिलीच वेळ असावी. दिवसभर तो या ना त्या निमित्ताने त्या दारावरून जात होता, यादीकडे न बघता. मला इतका आनंद झाला की मी कोचना गाठलं. "सर, बघितलंत का आमच्या तराजूचं डोकं? याला नुसतं बाकावर बसवून ठेवलंय तुम्ही. याचा काही उपयोग करा."

मी ही बडबड केली नसती तर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात मी त्याचा दाखवला.

कोचनी उपयोग केला. आठवड्याभरात त्याला बोलावलं. मोसमाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी पंचवीस खेळाडूंची नवी यादी संघटनेकडे द्यायची होती. त्या यादीबाहेरच्या कुणाला सामन्यात उतरवता येत नाही. बाहेरून एक नवा गोल मारणारा घेतला होता, त्याला जागा हवी होती. "तू असाही खेळत नाहीस," कोच म्हणाले. "नाव काढू, पण तू इथेच राहा. पगार तोच. सगळ्यांचं खाणंपिणं तू बघ. मॅडम महिन्यातून दोनदाच येतात. तू तर पहिला आलास!"

दोन दिवसांनी त्याने स्टुलावर बसून मला विचारलं, "काय करू, मावशी?"

"घे," मी म्हटलं. "पस्तिशी आली तुझी. बाकावरून उठून काहीतरी काम तरी करशील."

"म्हणजे आता बोलावणार नाहीत."

"आतापर्यंत कोणी बोलावलं?"

लागेल असं बोलले, ते मला बोलताक्षणीच कळलं. पण बोलून बसले होते. तो ताट धुवून गेला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाला.

बाहेरून काहीच बदललं नाही. सरावाला तो जायचा, कारण भिंतीला आणि आता बाकावर बसणाऱ्या तिसऱ्या कीपरला चेंडू मारायला कुणीतरी लागायचंच. तेच कपडे, तेच हातमोजे. जेवणाच्या वेळी वाढपाच्या खिडकीशी उभा राहून "अर्धी वाटी अजून घ्या, उद्या धावायचंय" असं सांगायचा. ते "हो आई" म्हणायचे. आणि सामन्याच्या दिवशी हा साडेबाराला वजन करून जेवायचाच. एकदा मी विचारणार होते, आता कशाला? या वेळी मात्र तोंड आवरलं.

शेवटचा सामना आला. हरलो असतो तर क्लब खालच्या गटात जाणार होता. बरोबरी पुरेशी होती. आणि आदल्या दिवशी भिंतीचा वाढदिवस. बाजाराजवळ नवीन खाणावळ निघाली होती, तिथे कच्चे मासे चिरून देतात म्हणे. भिंत दुपारी तिसऱ्या कीपरला घेऊन निघाला. तराजूलाही म्हणाला, "चल की, कीपर-कीपर मिळून जाऊ."

"उद्या सामना आहे," तराजू म्हणाला. "आज नवीन काही खाऊ नका. परवा जाऊ. मी पण येतो परवा."

मी येतो, असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. भिंतीने ऐकलं नसावं. "तुझा काटा पण आण!" म्हणून हसत गेला. गंमत म्हणजे मॅडमच्या परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर भिंतीने बरोबर लिहिलं होतं. मी कागद पाहिला होता. लोकांना कळतं, वळत नाही.

सकाळी दोघेही आडवे. भिंत संडासाच्या दाराला टेकून बसलेला, तिसरा बादली घेऊन. डॉक्टर आले, म्हणाले, हे दोघे आज उभेसुद्धा राहणार नाहीत. कोचच्या तोंडचं पाणी पळालं. साडेबारा वाजता ते धावत माझ्या स्वयंपाकघरात आले. तराजू स्टुलावर नुकताच ताट घेऊन बसला होता.

"तू बरा आहेस ना? पोट वगैरे?"

"बरा आहे, सर."

"आज गोलात तू. नीट जेव." आणि गेले.

मी हातातली पळी खाली ठेवली. कोच विसरले होते. त्यांच्या डोक्यात तराजू म्हणजे दुसरा कीपर, अकरा वर्षांचा. व्यवस्थापकाच्या पेटीतही त्याचं जुनं ओळखपत्र तसंच पडलेलं, कुणी काढलंच नव्हतं. आणि सामन्यात कोण उतरणार त्याचा कागद ते ओळखपत्रं बघूनच भरायचे. नाव संघटनेच्या यादीत नाही हे त्या अख्ख्या इमारतीत दोघांनाच आठवत होतं. एक मी, आणि एक तो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग तो जेवू लागला. चारशे ग्रॅम भात, सगळा. मी गप्प राहिले. नंतर कळलं तर गुण कापतील, क्लब खाली जाईल, हे मला ठाऊक होतं. जाऊ दे खाली, म्हटलं. खड्ड्यात जाऊ दे.

अडीचला तो मैदानावर उतरला. मी एप्रनसकट कठड्याशी जाऊन उभी राहिले, चूल तशीच सोडून. एकेक जण येऊन त्याला चेंडू मारत होता आणि हा अडवत होता. उजवीकडे झेप, डावीकडे झेप, वरचा बोटांनी बाहेर. पस्तीस वर्षांचा माणूस! तो भात न खाणारा ओरडला, "अरे, हा कुठे लपला होता इतके दिवस?" कप्तानाने येऊन त्याच्या डोक्यावर थाप मारली. तराजू हसला. मी त्याला दात दिसेपर्यंत हसताना पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले आणि मी मनात एकच घोकत होते, बोलू नकोस रे बाबा, आज एवढा एकच दिवस बोलू नकोस.

तीन वाजून दहा मिनिटांनी व्यवस्थापक कागद आणि पेन घेऊन कोचकडे आले, सहीसाठी. तराजूने ते पाहिलं. आलेला एक चेंडू धरला, खाली ठेवला, आणि चालत कोचकडे गेला. मी इतक्या दुरून ऐकलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. कोचनी कपाळाला हात लावला. व्यवस्थापकांनी कागदावर काट मारली. तराजूने हातमोजे काढले आणि बचावफळीतल्या लंबूला दिले. लंबूला ते नीट बसले नाहीत.

लंबूने सामना काढला. कसा ते देव जाणे. दोन चेंडू गुडघ्याला लागून परत गेले, एक खांबाला. शून्य-शून्य. क्लब वाचला. लंबूला खांद्यावर घेऊन सगळे मैदानभर नाचले. तराजू रेषेबाहेर केळी आणि पाण्याच्या बाटल्या वाटत होता, प्रत्येकाला दोन केळी, प्रत्येकाच्या हातात.

जेवणघरात चर्चा चालली होती. वाढपाच्या खिडकीतून मला ऐकू येत होती. कुणीतरी विचारलं, "तराजूला ऐन वेळी झालं काय?" कोच ताटाकडे बघत म्हणाले, "काही नाही. कच खाल्ली त्याने." स्वतःची चूक कोण सांगतं? सगळे समजूतदारपणे हसले. भात न खाणारा म्हणाला, "जाऊ दे, बिचाऱ्याला सवय नाही."

माझ्या हातात रश्श्याचं पातेलं होतं. ते घेऊन मी बाहेर जाणारच होते, आणि त्या कोचच्या डोक्यावर काय ओतलं असतं याचा भरवसा नव्हता. तराजूने स्टुलावरूनच हाक मारली.

"मावशी, राहू दे."

मी त्याच्यावरच खेकसले. "राहू दे कसं? तुला भेकड म्हणताहेत! आणि तू कशाला गेलास सांगायला? मी तर तोंड उघडलं नव्हतं. आज खेळला असतास. कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "तेच तर. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल. कोच म्हणतील, भिंत म्हणेल, निदान कप्तान. अरे, हा कसा, याचं नाव तर काढलंय. चाळीस मिनिटं वाट बघितली मी." तो दाराबाहेरच्या पिंपाकडे बघत म्हणाला, "तीन महिने झाले मला जाऊन, मावशी. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

मी पातेलं ओट्यावर ठेवलं. दुसरं स्टूल आमच्याकडे नव्हतं, म्हणून त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले.